दुसरी किल्ली

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्याला ज्या कॉलेजवरून नाव पडले, ते १९२४ साली सुरू झाले. तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक जण १९२६ मध्ये पदवी घेऊन मुंबईला वकिलीसाठी गेला आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी भारताचा सरन्यायाधीश झाला. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे त्यांचे नाव. आज ते पुण्यातसुद्धा फारसे कुणाच्या ओठांवर नसते. वकिलांना ते निकालपत्रांवरून माहीत असते, जुन्या कामगार कार्यकर्त्यांना आयोगांवरून. मी कायद्याचा अभ्यासक नव्हे. उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेला माणूस. पण बँकवाल्यांचे आणि गजेंद्रगडकरांचे एक जुने नाते आहे, आणि त्या नात्याचा दोरा धरून गेले की राज्यघटनेतल्या एका अवघड प्रश्नापाशी आपण जाऊन पोचतो. प्रश्न असा की नागरिकाला घटनेने दिलेले मूलभूत हक्क बदलण्याचा अधिकार संसदेला आहे काय? गजेंद्रगडकरांनी या प्रश्नाला आहे असे स्वच्छ उत्तर दिले, आणि त्या उत्तरावर ते कायम राहिले. ते उत्तर बरोबर होते की नाही, याचा वाद त्यांच्या हयातीतच पेटला होता. मला जास्त कुतूहल आहे ते अशा माणसाने ते उत्तर का दिले याचे.

जन्म साताऱ्याचा, १६ मार्च १९०१ चा. घराणे माध्व वैष्णव, संस्कृतचे. वडील बाळाचार्य साताऱ्यातले नावाजलेले अध्यापक. बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. प्रल्हाद साताऱ्यात शिकले, दोन वर्षे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात काढली आणि १९२० साली पुण्याला डेक्कन कॉलेजात आले. तिथे त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. या फेलोशिपच्या नावातली दक्षिणा म्हणजे पेशवे रमण्यात ब्राह्मणांना वाटत असत तीच. इंग्रजांनी तो पैसा पुढे शिक्षणाकडे वळवला. रमण्यातल्या दक्षिणेवर शिकलेल्या एका वैष्णव आचार्याच्या मुलाने चाळीस वर्षांनी हरिजनांच्या मंदिरप्रवेशाच्या बाजूने निकालपत्र लिहावे, हा इतिहासाचा चांगलाच फेरा म्हणायचा. त्या निकालाकडे येतोच आहे.

मुंबईत ते उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करू लागले. धर्मशास्त्राची बैठक पक्की असल्यामुळे हिंदू कायद्यात त्यांचा दबदबा लवकर तयार झाला. ‘हिंदू लॉ क्वार्टर्ली’ हे नियतकालिक त्यांनी चालवले, नंदपंडितांच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. इतके संस्कृत शिकलेला माणूस सहसा जुन्याचा कैवारी होतो असा आपला अनुभव. इथे उलटे झाले. ग्रंथ मुळातून वाचल्यामुळेच असेल, पण धर्मशास्त्र काळानुसार बदलत आले आहे आणि यापुढेही बदलले पाहिजे, या मताचे ते झाले. हिंदू कोड बिलाच्या बाजूने ते उघडपणे उभे राहिले.

१९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. घटना अमलात येऊन दीड वर्ष होत होते तेव्हा, जुलै १९५१ मध्ये, त्यांच्या आणि मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर नरसू आप्पा माळी यांचा खटला आला. मुंबई राज्याने १९४६ साली हिंदूंना दुसरी बायको करण्यास बंदी करणारा कायदा केला होता. तो घटनेशी विसंगत आहे, फक्त हिंदूंनाच का बंदी, असा आक्षेप होता. न्यायालयाने कायदा उचलून धरला. पण जाता जाता एक मोठा मुद्दा निघाला. घटनेचे कलम तेरा सांगते की मूलभूत हक्कांना धक्का लावणारा कायदा त्या मर्यादेपर्यंत रद्द समजावा. मग हिंदूंचा किंवा मुसलमानांचा परंपरेने चालत आलेला व्यक्तिगत कायदा हा या कलमातल्या कायदा या शब्दात बसतो काय? गजेंद्रगडकरांनी स्वतंत्र निकालपत्र लिहून सांगितले की नाही बसत. परंपरागत धर्मकायदा न्यायालयाने मोडायचा नाही, तो विधिमंडळाने सुधारायचा.

वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. तेरा वर्षांनी तो पुन्हा त्यांच्यापुढे येऊन उभा राहणार होता.

आता बँकांकडे. स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा वर्षे बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा तंटा चालू होता. आधी सेन लवाद, मग शास्त्री लवाद, मग श्रम अपील न्यायाधिकरण. या न्यायाधिकरणाचा १९५४ चा निवाडा सरकारने कर्मचाऱ्यांच्या विरोधात बदलला आणि त्या निषेधार्थ केंद्रीय श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन बाहेर पडले. (मंत्र्याने तत्त्वासाठी खुर्ची सोडणे तेव्हाही दुर्मीळ होते.) सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष काम अर्धवट असतानाच वारले आणि ती जागा गजेंद्रगडकरांकडे आली. त्यांचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि संसदेने त्याच वर्षी कायदा करून तो लागू केला. मी नोकरीला लागलो तेव्हा शास्त्री अवॉर्ड, देसाई अवॉर्ड ही नावे आमच्या युनियनच्या बैठकांत आरतीसारखी म्हटली जात. गजेंद्रगडकरांचे नाव मधल्या कडव्यासारखे घाईत उरकले जाई, आणि तरी ते कडवे गाळून पुढची गोष्ट लागत नाही.

या कामातून त्यांच्या मनात काय घडले असेल ते पुढच्या निकालांवरून दिसते. जानेवारी १९५७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि औद्योगिक कायद्याची जवळजवळ नवी इमारत त्यांनी तिथे उभी केली. जो उद्योग कामगाराला किमान वेतनसुद्धा देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही, हे सूत्र त्यांनी क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात मांडले. बोनसचे सूत्र त्यांनीच कायम केले. मालकाचा करार आणि मालकाची मालमत्ता या दोन गोष्टी न्यायालयात पवित्र मानल्या जात होत्या, तिथे सामाजिक न्याय हा शब्द त्यांनी निकालपत्रात रुळवला. कामगाराचा हक्क ते मालकाच्या हक्काच्या समोर ठेवून पाहत. घटनेतल्या हक्कांकडेही ते याच नजरेने पाहत असावेत, असे मला वाटते. मालमत्तेचा हक्क हा तेव्हा मूलभूत हक्क होता. तो ज्याच्याजवळ मालमत्ता आहे त्याला तारत होता. ज्याच्याजवळ नाही त्याच्या वाटेत तो भिंत होऊन उभा राहत होता.

महाराष्ट्रात ही भिंत कशी होती हे कूळकायद्याने पाहिले. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळवहिवाट कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. माझ्या माहितीतली कितीतरी घरे या तारखेने घडली आणि कितीतरी बिघडली. दोन्हीकडचे लोक अजून त्या दिवसाबद्दल आवाज चढवून बोलतात. असे कायदे न्यायालयात मालमत्तेच्या हक्काखाली चिरडले जाऊ नयेत म्हणून संसदेने १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती केली आणि नववे परिशिष्ट जन्माला घातले. त्या परिशिष्टात घातलेला कायदा मूलभूत हक्काच्या आधारे रद्द करता येणार नाही, अशी तजवीज. पहिल्या यादीत तेरा कायदे होते, त्यांत मुंबईचा कूळकायदा दुसरा. याच पहिल्या दुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथे पोटकलम घातले: मागासवर्गीयांच्या प्रगतीसाठी सरकारला खास तरतूद करता येईल. मद्रासमधल्या जागावाटपाचा हुकूम न्यायालयाने रद्द केल्यामुळे ते घालावे लागले होते. म्हणजे शिक्षणातल्या राखीव जागांना आज जो आधार आहे, तो घटनेच्या मूळ मजकुरात नव्हता, दुरुस्तीने आला.

आणि त्या पोटकलमाला माप लावण्याचे काम गजेंद्रगडकरांच्याच वाट्याला आले. म्हैसूर सरकारने १९६२ साली वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ६८ टक्के जागा राखीव केल्या. बालाजी नावाच्या विद्यार्थ्याच्या आणि इतरांच्या अर्जावर त्यांनी निकाल दिला की केवळ जातीवरून मागासपण ठरवता येणार नाही, आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असाव्यात. नेमका आकडा परिस्थितीवर अवलंबून राहील असे त्यांनी म्हटले होते. पण पुढच्यांनी निम्मे तेवढे धरले. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ती पन्नास टक्क्यांची मर्यादा झाली आणि मे २०२१ मध्ये मराठा आरक्षण त्याच मर्यादेवर आपटले. महाराष्ट्राचे राजकारण ज्या आकड्याने ढवळून काढले त्याचे मूळ एका सातारकराच्या लेखणीत आहे, हे मला कोणत्याही मोर्चातल्या भाषणात ऐकायला मिळालेले नाही. हा निकाल मला त्यांच्या इतर निकालांच्या मानाने सावध, थोडा अंग चोरणारा वाटतो. राखीव जागा हा समतेला अपवाद आहे अशी त्यांची मांडणी होती. ती पुढच्या न्यायमूर्तींनी सोडून दिली, ते बरेच झाले.

१९६४ च्या जूनमध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली. नवव्या परिशिष्टात आणखी ४४ कायदे गेले, महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदाही त्यांत होता. जमीनमालकांनी दुरुस्तीलाच आव्हान दिले. सज्जनसिंग खटला म्हणून तो ओळखला जातो. पाच न्यायमूर्तींचे पीठ, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर. आणि मुद्दा पुन्हा तोच: कलम तेरामधला कायदा हा शब्द. मूलभूत हक्कांना धक्का लावणारा कायदा रद्द, हे ठीक. पण घटनादुरुस्ती हासुद्धा कायदाच ना? मग तीही रद्द व्हायला नको का?

३० ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी बहुमताचा निकाल दिला. घटनादुरुस्ती हा त्या अर्थाने कायदा नव्हे. संसदेला मूलभूत हक्कही बदलता येतात. १९५१ साली त्यांनी परंपरेला त्या शब्दाच्या बाहेर ठेवले होते, आता दुरुस्तीला ठेवले. दोन्ही वेळा परिणाम एकच होता. बदल करायचा तो लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने करायचा. समाज बदलण्याचे काम करणाऱ्या संसदेच्या हाताला न्यायालयाने गाठ मारायची नाही, हा त्यांचा विश्वास होता, आणि तो कोऱ्या पुस्तकी विचारातून आलेला नव्हता. बँकेतला कारकून, गिरणीतला कामगार आणि बांधावरचा कूळ त्यांनी कागदपत्रांतून वर्षानुवर्षे पाहिला होता.

पण त्याच निकालपत्रात एक परिच्छेद आहे, ज्यासाठी हा लेख मी लिहायला घेतला. कलम ३६८ मध्ये घटनादुरुस्तीची रीत सांगितली आहे. बहुतेक भागांसाठी संसदेचे विशेष बहुमत पुरते. पण काही भाग, जसे राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये, संसदेतले राज्यांचे प्रतिनिधित्व, बदलायचे तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरीही लागते. ही यादी त्या कलमाच्या परंतुकात आहे. मूलभूत हक्कांचा भाग त्या यादीत नाही. गजेंद्रगडकरांनी लिहिले की घटनाकारांनी तो तिथे का घातला नाही हे समजणे सोपे नाही, आणि संसदेने तो घालण्याचा विचार करावा. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन कळते. तिजोरी एका अधिकाऱ्याच्या किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसे, दोघे हजर असल्याशिवाय दार हलत नाही. एक अधिकारी चोर आहे असे कुणी समजत नसते. तरीही दुसरी किल्ली असते. संसदेला अधिकार आहे असे ठणकावून सांगणाऱ्या न्यायाधीशाने त्याच बैठकीत तिला सुचवले की स्वतःहून एक किल्ली राज्यांकडे द्या. संसदेने ते ऐकले नाही.

त्याच पीठावर अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर होते. ते निकालाशी सहमत झाले, पण त्यांनी एक शंका नोंदवून ठेवली. घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये बदलणे ही दुरुस्ती म्हणायची की घटना नव्याने लिहिणे? पुढे ज्या मूलभूत चौकटीच्या सिद्धांताने भारत गाजवला, त्याचे बी त्या शंकेत होते.

सरन्यायाधीशपदाच्या दोन वर्षांत आणखी बरेच काही झाले. उत्तर प्रदेश विधानसभेने दोन न्यायाधीशांना हजर करण्याचा हुकूम काढला तेव्हा राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत लिहून त्यांनी न्यायालयाचा अधिकार राखला. संसदेचा कैवारी म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी ते मत वाचावे. आणि १४ जानेवारी १९६६ रोजी मंदिरप्रवेशाचा निकाल. स्वामिनारायण पंथीयांचे म्हणणे होते की आम्ही हिंदू नाही, त्यामुळे हरिजनांना मंदिर खुले करणारा कायदा आम्हाला लागू नाही. हिंदू कोण, याचा शोध गजेंद्रगडकरांनी वेद-उपनिषदांपासून घेतला आणि शेवटी आधार घेतला तो डेक्कन कॉलेजच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, लोकमान्य टिळकांनी केलेल्या व्याख्येचा. मंदिर उघडले.

निवृत्त झाल्यावर त्यांना उसंत अशी मिळालीच नाही. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा आयोग, पहिला राष्ट्रीय श्रम आयोग. हे सुरू असतानाच २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी सज्जनसिंगचा निकाल फिरवला. घटनादुरुस्ती हाही कायदाच, आणि मूलभूत हक्क संसदेला कमी करता येणार नाहीत. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी लगेच खासगी विधेयक आणले. नाथ पै म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा पुजारी. त्यालाही तेव्हा संसदेचाच विश्वास वाटत होता, हे विसरून चालणार नाही. त्यांचे विधेयक संमत झाले नाही आणि १८ जानेवारी १९७१ ला ते बेळगावात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसाव्या दुरुस्तीने ते काम इंदिरा गांधींच्या सरकारने पुरे केले. गजेंद्रगडकरांनी टागोर विधी व्याख्यानांतून गोलकनाथ निकालाविरुद्ध आपली बाजू सविस्तर मांडली.

दरम्यान चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती. न्यायालयाने तो कायदा नुकसानभरपाईच्या मुद्द्यावर १९७० मध्ये रद्द केला, सरकारने नवा केला, आणि असा अडथळा पुन्हा येऊ नये म्हणून पंचविसावी दुरुस्ती आणली. तिच्यात कलम ३१ क होते: संपत्तीचे केंद्रीकरण टाळण्यासाठी हा कायदा केला आहे असे विधिमंडळाने नुसते जाहीर केले की ते खरे आहे काय हेही न्यायालयाने विचारायचे नाही. गजेंद्रगडकर त्या वेळी विधी आयोगाचे अध्यक्ष होते. दुरुस्तीच्या हेतूला त्यांचा पाठिंबा होता. तरी आयोगाच्या सेहेचाळिसाव्या अहवालात त्यांनी सांगितले की न्यायालयाचे तोंड बंद करणारा हा भाग काढा. म्हणजे पुन्हा तीच दुसरी किल्ली. सरकारने पुन्हा ऐकले नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले की संसद मूलभूत हक्क बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. आणि ३१ क मधला नेमका तोच भाग काढून टाकला.

यानंतरचा काळ लिहायला मला जड जातो. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. गजेंद्रगडकर १९७७ पर्यंत विधी आयोगाच्या अध्यक्षपदावर राहिले. १९६३ साली माखनसिंग खटल्यात त्यांनी लिहिले होते की हक्क स्थगित असले तरी स्थानबद्धाला काही मुद्द्यांवर न्यायालयाचे दार ठोठावता येते, हुकूम दुष्ट हेतूने काढला असेल तर येते. २८ एप्रिल १९७६ ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी तीही फट बुजवली. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्याच्या त्याच लॉ कॉलेजचे विद्यार्थी. त्याच वर्षाअखेर बेचाळिसावी दुरुस्ती झाली आणि कलम ३६८ मध्येच लिहिले गेले की कोणत्याही घटनादुरुस्तीबद्दल कोणत्याही न्यायालयात प्रश्न विचारता येणार नाही. कूळ आणि कामगार डोळ्यांपुढे ठेवून १९६४ मध्ये दिलेला अधिकार असा वापरला गेला. सरकारी पदावरचा मनुष्य म्हणून नव्हे, तर सज्जनसिंगचा लेखक म्हणून त्यांनी त्या वेळी पद सोडायला हवे होते, असे मला वाटते. गिरींनी बँकांच्या निवाड्यासाठी मंत्रिपद सोडले होते, आणि त्या राजीनाम्यातून निघालेले काम यांनीच पुरे केले होते.

जनता सरकारने १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी दुरुस्ती केली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे तिने घटनेत घातले. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. म्हणजे घटनादुरुस्ती हक्क घेते तशी देतेही, हे गजेंद्रगडकरांचे म्हणणे तिने एका परीने खरे केले. घटनेच्या गाभ्याला हात लावायचा तर लोकांचे सार्वमत घ्यावे, असेही त्या विधेयकात होते. राज्यसभेने ते काढून टाकले. ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेचाळिसाव्या दुरुस्तीतली न्यायालयबंदी रद्द केली. निकाल देणारे सरन्यायाधीश होते चंद्रचूड.

गजेंद्रगडकर तेव्हा हयात होते. १२ जून १९८१ ला ते गेले. ‘टू द बेस्ट ऑफ माय मेमरी’ हे त्यांचे आत्मचरित्र दोन वर्षांनी निघाले. आजवर घटनेत शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. कलम ३६८ च्या परंतुकातल्या यादीत मूलभूत हक्कांचा भाग अजून घातलेला नाही.